कागद कुणाच्या हाती पडेल? स्त्रीहक्क आणि मदतकार्यासाठी डिझाइन करताना

हिंसेला तोंड देणाऱ्या बाईसाठी तयार केलेल्या प्रत्येक कागदाला दोन वाचक असतात. पहिली वाचक ती स्वतः. दुसरा वाचक म्हणजे तिची पर्स उघडून बघणारा, फोन चाळणारा, बाहेर इतका वेळ कुठे होतीस असं विचारणारा माणूस. संस्थेकडून येणाऱ्या ब्रीफमध्ये (कामाच्या लेखी मागणीत) पहिलीबद्दल सगळं असतं, दुसऱ्याबद्दल बहुधा एक ओळही नसते. या क्षेत्रात डिझाइन करायचं म्हणजे रंग, टाइप, कागद आणि घडी हे सगळं त्या दुसऱ्या वाचकाला समोर बसवून ठरवायचं. ते कसं करायचं ते पुढे सविस्तर दिलं आहे. संस्थेत स्वतःच पोस्टर करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ते वापरता येईल.

हाक की हात?

कामाचे दोन प्रकार आहेत आणि ते कधीही एकत्र करायचे नाहीत. एक हाक देणारं काम: मोर्चाचे फलक, बॅनर, मोहिमेची पोस्टरं, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट. ते दुरून दिसावं, ओळखू यावं, लक्षात राहावं. दुसरं हात देणारं काम: हेल्पलाइनचं कार्ड, आसरागृहाची माहिती, दवाखान्यात द्यायची घडीपत्रिका, छावणीतल्या सूचना. त्यातलं बरंचसं हव्या त्या बाईलाच दिसावं, बाकीच्यांच्या नजरेतून निसटावं.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मोहीम जोरात चालली, जांभळा रंग आणि उगारलेली मूठ गावभर झाली, मग कुणीतरी म्हणतं, तेच चिन्ह हेल्पलाइनच्या कार्डावरही टाकू, ओळख पक्की होईल. ओळख पक्की होते हे खरंच, पण ती दुसऱ्या वाचकालाही होते. मोहिमेची चिन्हं जितकी यशस्वी, तितकी ती कार्डासाठी धोक्याची. म्हणून ब्रीफच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून घ्या: हे काम हाक आहे की हात? दोन्ही हवं असेल तर ती दोन वेगळी कामं समजा, दोन वेगळ्या दृश्यभाषा ठेवा.

कागदाआधी फोन

कोणतंही आर्टवर्क उघडण्याआधी पोस्टरवर जाणारा नंबर स्वतः लावून बघा. सकाळी, दुपारी, रात्री दहा वाजता आणि सुट्टीच्या दिवशी, असे किमान चार वेळा. कोण उचलतं, कोणत्या भाषेत बोलतं, किती रिंग जातात ते टिपून ठेवा. रात्री कोणी उचलत नसेल तर पोस्टरवर 'चोवीस तास' हे शब्द येता कामा नयेत. मोठ्या हिमतीने केलेला पहिला फोन वाजून वाजून बंद झाला तर दुसरा होईलच असं नाही.

मग संस्थेबरोबर बसून सेवांचा एक तक्ता करा. आरोग्यसेवा, समुपदेशन, कायद्याची मदत, निवारा आणि मुलांची सोय अशा पाच ओळी. प्रत्येकीपुढे जागा, वेळ, फोन, कोणासाठी खुली, पैसे लागतात का आणि ही माहिती शेवटची कधी तपासली, असे सहा रकाने. जो रकाना रिकामा राहील त्यावर पोस्टर काढायचं नाही. 'आम्ही आहोत तुमच्यासोबत' असं लिहिणं सोपं असतं, पण निवाऱ्याचा रकाना कोरा असताना ते वाक्य खोटं ठरतं.

पोलिसांचा नंबर आपोआप टाकू नका. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय त्या बाईचा असतो, आणि काहींच्या बाबतीत, म्हणजे कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित बाया किंवा ज्यांचा छळ करणाराच गणवेशात आहे अशांच्या बाबतीत, तो नंबर सर्वांत वर पाहूनच कार्ड फेकलं जातं. त्याची जागा संस्थेतल्या समुपदेशकांशी बोलून ठरवा.

कराराबद्दल थोडक्यात. फुकट करत असाल तरी नेहमीच्या दराचं बिल करा आणि त्यावर पूर्ण सूट दाखवा, म्हणजे संस्थेला कामाची किंमत कळते. बदलांच्या दोन फेऱ्या लिहून ठेवा. मंजुरी देणारी व्यक्ती एकच ठेवा, समिती नको. ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल), फॉन्टचा परवाना आणि चित्रांचे हक्क शेवटी कोणाकडे राहणार तेही लिहा. नंबर बदलायचा तर संस्थेला तुमच्यावाचून तो बदलता आला पाहिजे.

खिशातलं कार्ड: मापं, कागद आणि घडी

या कामातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे हे कार्ड, म्हणून त्यावर जरा जास्त थांबू.

घडी घातल्यावर ८५ × ५४ मिलिमीटर हे माप धरा. बँकेचं कार्ड साधारण एवढंच असतं, त्यामुळे ते कुठल्याही पाकिटात बसतं आणि वेगळं उठून दिसत नाही. उघडल्यावर १७० × ५४, मध्ये एक घडी, एकूण चार बाजू. ए-४ कागदावर अशी पाच कार्डं एकाखाली एक बसतात: ५४ गुणिले ५ म्हणजे २७०, कागद २९७ चा, उरलेले २७ मिलिमीटर वरखाली समासाला. म्हणजे १०० कार्डांना २० कागद. पार्श्वभूमी पांढरी ठेवली तर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जादा छापलेला रंग) लागत नाही आणि ऑफिसच्या साध्या प्रिंटरवरही काम होतं. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड द्या आणि छापखान्यातच छापा. ऑफिस प्रिंटरवर पुढची आणि मागची बाजू एक-दोन मिलिमीटर सरकते, त्यामुळे कडेने चौकट काढू नका. वाकडी चौकट लगेच डोळ्यात भरते.

कागद ८० ते १०० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम, कागदाच्या वजनाचं माप), बिनचकाकीचा. डिझायनरचा हात जाड, देखण्या कार्डशीटकडे वळतो, तो इथे आवरा. पातळ कागद आणखी दोनदा दुमडून बुटात, ब्लाउजमध्ये किंवा औषधाच्या डबीत मावतो, काढताना आवाज करत नाही आणि वेळ आलीच तर क्षणात फाडून पाण्यात सोडता येतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही, भिजत नाही, दुमडत नाही. पोस्टरसाठी हे गुण आहेत, इथे तोच दोष. १७० जीएसएमच्या वरचा कागद वापरायलाच लागला तर घडीच्या जागी क्रीज (दाबून उमटवलेली रेघ) मारून घ्या, नाहीतर कागद घडीवर तडकतो. लेझर प्रिंटरची शाई घडीवर सोलून निघते, म्हणून फोन नंबर घडीपासून किमान ५ मिलिमीटर लांब ठेवा. घरगुती इंकजेटची शाई घामाने पसरते, तिच्यावर कार्डं छापू नका.

बाहेरच्या बाजूला काय असावं? कंटाळवाणं काहीतरी. कपड्यांच्या मापांचा तक्ता, सेंटिमीटर-इंचाची कोष्टकं, पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. मात्र वेष फार बेमालूम झाला तर बाईलाच कळत नाही की आत काय आहे. त्यामुळे असं कार्ड टेबलावर ठेवून देण्यापेक्षा नर्सने, शिक्षिकेने किंवा कार्यकर्तीने हातात देताना एक वाक्य सांगायचं, अशी योजना कार्डाबरोबरच करा. ते वाक्यही लिहून द्या.

आतला मजकूर साठ शब्दांच्या आत. क्रम असा: आधी 'तुमचं काही चुकलेलं नाही' या अर्थाची एक ओळ, मग नंबर, मग फोन केल्यावर काय होईल (नाव सांगावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, जे खरं असेल ते), मग कॉल-यादीतून नंबर पुसण्याची सूचना, शेवटी वैद्यकीय मदत. नंबर निदान १४ पॉइंटात आणि ठळक, बाकी मजकूर ९ पॉइंटाच्या खाली नको.

वैद्यकीय मदतीच्या ओळीत डिझाइनचा एक मोठा सापळा आहे. लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत घेता येते. दोन्ही जितक्या लवकर तितकी परिणामकारक. आकडे दिसले की डिझायनर ते मोठे करून मधोमध ठेवतो. मग चौथ्या दिवशी कार्ड हाती आलेली बाई '७२ तास' वाचते आणि आपली वेळ गेली असं समजून घरीच बसते. म्हणून मोठ्या अक्षरांत 'शक्य तितक्या लवकर दवाखान्यात या', त्याखाली लहान अक्षरांत तास, आणि लगेच 'उशीर झाला असला तरी या, इतर उपचार आणि तपासण्या होतातच'. तिसरी ओळ जागेअभावी कापली जाऊ नये. कापायचंच असेल तर लोगो कापा.

देवनागरीचे खाचखळगे

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत छापा. फोनच्या कीपॅडवर तेच असतात, आणि लहान टाइपात देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. नंबर तीन-तीन किंवा चार-चार आकड्यांच्या गटांत तोडा, दहा आकडे सलग नकोत.

तोच पॉइंट असला तरी देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान भासतं, त्यामुळे दोन्ही लिप्या शेजारी आल्या तर देवनागरी १० ते १५ टक्के मोठी घ्या. ओळींमधलं अंतर टाइपच्या दीडपट तरी हवं. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी पोस्टरची नक्कल करताना हे हमखास होतं. तिरका टाइपही टाळा. जोर द्यायला वजन वाढवा.

फॉन्ट फुटणं हा जुना रोग आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांचा चिवडा होतो, म्हणून युनिकोडखेरीज काही स्वीकारू नका. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. छपाईला देण्याआधी 'कार्यकर्त्या', 'दुसऱ्या', 'निर्णय', 'स्त्री', 'हिंसा' एवढे शब्द डोळ्यांनी तपासा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र मोडला असेल तर बाकीचंही कुठेतरी मोडलेलं असतं. छापखान्यात जाणाऱ्या फाइलमध्ये अक्षरांची आउटलाइन करा (म्हणजे अक्षरं आकृतीत बदला), पण मूळ मजकुराची फाइल वेगळी जपून ठेवा.

रंगाबाबत दोन आकडे पुरेत. नेहमीच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) ४.५ : १ तरी असावा, मोठ्या मथळ्यांना ३ : १ चालतो. आणि अर्थ फक्त रंगावर सोडू नका. पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, बायकांमध्ये हे प्रमाण खूप कमी आहे. पण छावणीतल्या मंद दिव्याखाली सगळ्यांचेच डोळे तसे होतात.

चित्र समजतं का, हे चित्रकाराला विचारू नका

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढली की काम झालं, हा गैरसमज आहे. चित्रंही वाचायला शिकावी लागतात. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या लोकांत दोन चौकटींचा क्रम उलटतो: बरी झालेली बाई आधी दिसते, मारहाण नंतर. फुलीचा अर्थ 'करू नका' हा सगळ्यांना ठाऊक नसतो. शरीराचा फक्त एक भाग काढला तर तो तुटलेला अवयव वाटू शकतो.

चाचणी अशी करा. ज्यांच्यासाठी चित्र आहे त्यांच्यातल्या बायकांना एकेकीला चित्र दाखवा आणि एवढंच विचारा, 'यात काय दिसतंय?' आणि मग 'हे बघून तुम्ही काय कराल?' उत्तर सुचवू नका, मान डोलावू नका. गटात विचारलं तर पहिली जे बोलेल तेच सगळ्या बोलतात, म्हणून एकटीला. पाच जणींतच ढोबळ चुका बाहेर येतात. त्या सुधारून नव्या पाच जणींना दाखवा, आधीच्याच नकोत. सुरक्षाचिन्हांच्या अमेरिकी मानकात पसंतीची पातळी किमान ८५ टक्के बरोबर उत्तरं आणि उलटा, धोक्याचा अर्थ लावणारी ५ टक्क्यांहून जास्त नकोत अशी आहे. लहान चाचणीत टक्केवारीला अर्थ नसतो, पण एक नियम उचलण्यासारखा आहे: न समजणं परवडतं, उलटं समजणं परवडत नाही. दहांतल्या एकीलाही चित्र 'नवऱ्याला घेऊन या' असं सांगत असेल तर ते चित्र रद्द.

चाचणीसाठी हिंसेतून गेलेल्या बायकांना शोधत फिरू नका. त्याच वयाच्या, त्याच भाषेच्या कोणत्याही बायका चालतात. सत्रात कुणी स्वतःची हकीकत सांगायला लागलीच तर पुढे काय करायचं हे जाणणारी समुपदेशक शेजारच्या खोलीत हवी, आणि ती नसेल तर सत्र पुढे ढकला.

पोस्टर कुठे लागेल

हात देणाऱ्या पोस्टरची सगळ्यात चांगली जागा म्हणजे बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू. तिथे दुसरा वाचक पोचत नाही. ए-४ पोस्टरच्या खालच्या ७ सेंटिमीटरमध्ये उभे काप देऊन दहा पट्ट्या करा, २१० मिलिमीटर रुंदीत प्रत्येक पट्टी २१ मिलिमीटरची. पट्टीवर नंबर आणि एखादं निरुपद्रवी नाव, संस्थेचं पूर्ण नाव नको.

लावताना मधल्या दोन-तीन पट्ट्या स्वतःच फाडून टाका. दहाच्या दहा पट्ट्या शाबूत असल्या तर पहिली फाडायला कुणी धजत नाही. दर आठवड्याला किती पट्ट्या गेल्या ते मोजा (तुम्ही फाडलेल्या वजा करून). कुठल्या जागी मागणी आहे हे कुणाचंही नाव न विचारता कळण्याचा याहून साधा उपाय नाही.

क्यूआर कोडबद्दल मत स्पष्ट आहे: हाक देणाऱ्या पोस्टरवर जरूर टाका, कार्डावर टाकू नका. स्कॅन केल्यावर उघडलेलं पान फोनच्या इतिहासात राहतं. पोस्टरवर टाकताना स्कॅन करण्याच्या अंतराचा दहावा भाग ही कोडची बाजू धरा, म्हणजे २ मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर २० सेंटिमीटर. चारही बाजूंनी कोडमधल्या चार सगळ्यात लहान चौकड्यांएवढी मोकळी जागा हवी.

फोटो आणि संमती

जखमा, तोंडावर हात, कोपऱ्यात गुडघे कवटाळून बसलेली सावली ही चित्रं टाळा. ती ज्यांच्यावर कधी हात उगारला गेला नाही त्यांना हलवतात. ज्या बाईला रोज पैशांसाठी हात पसरावा लागतो, फोन तपासू द्यावा लागतो, तिला मात्र ती सांगतात की 'हे तुझ्याबद्दल नाही, तुला कुठे इतकं झालंय'. त्यापेक्षा पुढची पायरी दाखवा: टेबलापलीकडे बसलेली समुपदेशक, दोन चहाचे कप, उघडं दार.

खऱ्या व्यक्तीचा फोटो वापरायचाच असेल तर प्रत्येक वापराची वेगळी संमती घ्या: छापील, वेबसाइट, समाजमाध्यमं, निधी मागण्याचं पत्रक. एकाच सहीत सगळं गुंडाळायचं नाही. संमतीला मुदत घाला, दोन वर्षं पुष्कळ झाली. छापलेलं आणि नेटवर गेलेलं पूर्णपणे मागे घेता येत नाही, हे सही घेण्याआधी तोंडी सांगा. मदत ज्याच्या हातून मिळते त्याच माणसाने संमती मागितली तर नाही म्हणता येत नाही, म्हणून विचारणारी व्यक्ती वेगळी असावी.

फाइलच्या पोटात फोटोची वेळ आणि बहुतेकदा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. ते काढून टाकल्याशिवाय फोटो पुढे पाठवायचा नाही. चेहरा धूसर करून भागत नाही, कारण हलकी धूसरता किंवा चौकड्या कधीकधी उलगडता येतात आणि कर्णफुलं, गोंदण, पाठीमागची भिंत ओळख सांगतातच. चेहऱ्यावर पूर्ण भरीव रंग टाका आणि सगळे थर एक करून नवी फाइल काढा. पीडीएफमध्ये मजकुरावर नुसता काळा आयत ठेवला तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. कोर्टाच्या कागदांतली नावं अशीच बाहेर पडतात.

यंत्राने (एआयने) तयार केलेल्या चेहऱ्यांनी ही अडचण सुटेल असं वाटतं. २०२३ मध्ये एका मोठ्या मानवाधिकार संस्थेच्या शाखेने आंदोलनातल्या दडपशाहीबद्दल लिहिताना अशी चित्रं वापरली आणि टीका झाल्यावर ती काढावी लागली. खऱ्या अत्याचाराचा पुरावा मांडताना एक खोटं चित्र बाकीच्या खऱ्यांवरही संशय आणतं. हाताने काढलेलं चित्र, जे चित्र म्हणूनच दिसतं, ते जास्त प्रामाणिक.

वेबसाइट

प्रत्येक पानावर, सरकवलं तरी जागेवर राहणारं 'लगेच बाहेर पडा' हे बटण हवं. ते दाबल्यावर हवामानासारखं साधं पान उघडावं, आणि ते चालू पानाच्या जागी यावं, म्हणजे मागे जाण्याच्या बाणाने परत तुमच्याच पानावर येता कामा नये. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये असं बटण तयार मिळतं आणि त्यात शिफ्टची कळ तीनदा दाबूनही बाहेर पडता येतं. पण या बटणाने आधी उघडलेल्या पानांची नोंद पुसली जात नाही. हे बटणाजवळच लिहा, नाहीतर तुम्ही दिलेली सुरक्षितता खोटी ठरते.

टॅबवर दिसणारं शीर्षक साधं ठेवा. पान हलकं ठेवा, व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देऊ नका, कारण आवाज शेजारच्या खोलीत जातो. जाहिराती दाखवणाऱ्यांचे ट्रॅकर (कोण काय बघतं याचा माग ठेवणारे कोड) काढून टाका. त्यांच्यामुळे आसरागृहाची माहिती वाचल्यावर तशाच विषयाच्या जाहिराती घरातल्या दुसऱ्या फोनवर दिसू शकतात. सूचना पाठवू का असं विचारणारी खिडकी नको. आणि फॉर्ममध्ये 'तुम्हाला कधी, कोणत्या नंबरवर, कोण म्हणून फोन करू?' हे विचारा. तिसरा भाग बहुतेक फॉर्ममध्ये विसरलेला असतो.

छावणी: पाटी लावून भागत नाही

पूर, भूकंप, युद्ध यानंतरच्या छावणीत स्त्रियांच्या सुरक्षिततेचा मोठा भाग जागेच्या मांडणीत असतो. मदतकार्यातली किमान मानकं सांगणाऱ्या स्फिअर हँडबुकच्या २०१८ च्या आवृत्तीतले काही आकडे डिझायनरला पाठ हवेत. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी. सुरुवातीच्या धावपळीत ५० जणांमागे एक शौचालय, पुढे शक्य तितक्या लवकर २० जणांमागे एक. सार्वजनिक शौचालयांत बायकांच्या शौचालयांची संख्या पुरुषांच्या तिप्पट. राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. पाळीसाठी दरमहा १५ पॅड किंवा वर्षाला धुऊन वापरायचे ६ पॅड किंवा ४ चौरस मीटर सुती कापड, ज्या-त्या बाईच्या पसंतीप्रमाणे, शिवाय महिन्याला २५० ग्रॅम जादा साबण.

पाट्या काढण्याआधी छावणीतल्या बायकांबरोबर दोन नकाशे काढा, एक दिवसाचा, एक रात्रीचा. जाड मार्करने त्या कुठून जातात आणि कुठून जायचं टाळतात ते रेखायला सांगा. दोन्ही नकाशांतला फरक हीच कामाची यादी: दिवा कुठे हवा, वाट कुठे वळवायची, कडी आतून लागते का. शौचालयाच्या दाराखाली जास्त फट असेल किंवा दिवा आत असा लावला असेल की सावली कापडी भिंतीवर पडते, तर कितीही सुंदर पाटी लावा, रात्री कुणी जाणार नाही. उलट फक्त शौचालयावर झगझगीत दिवा आणि वाट अंधारी असेल तर तिथे पुरुष गप्पा मारायला जमतात आणि बायका यायच्या थांबतात.

छावणीत एक पोस्टर मात्र जितकं मोठं तितकं चांगलं: 'मदत मोफत आहे. तिच्या बदल्यात कुणीही पैसे किंवा शरीरसंबंध मागू शकत नाही.' मदत संस्थांच्या स्वतःच्या माणसांकडून होणाऱ्या शोषणाविरुद्ध ते असतं, म्हणून ते रांगेच्या जागी, सगळ्यांना दिसेल असं लावतात. ते सगळ्यांना उद्देशून असल्यामुळे वाचणाऱ्या एकीवर बोट रोखलं जात नाही. तक्रारीचे निदान दोन मार्ग द्या आणि दोन्ही रेशन वाटणाऱ्या माणसाच्या हातून जात नाहीत ना ते बघा. तक्रारपेटी त्याच्या टेबलासमोर ठेवली तर ती वर्षभर रिकामी राहील, आणि अहवालात लिहिलं जाईल की तक्रार आली नाही.

हाक देणारं काम

इथे पहिल्यांदा मोकळेपणाने रंग वापरता येतो. ब्रिटनमधल्या मताधिकार चळवळीतल्या विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियनने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग घेतले. ते संघटनेच्या एक नेत्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ठरवले होते. त्या वर्षीच्या २१ जूनला हाइड पार्कच्या सभेत बायका याच रंगांच्या फिती लावून आल्या. अर्जेंटिनात गर्भपाताच्या हक्काची चळवळ २००३ पासून हिरव्या त्रिकोणी रुमालावर उभी राहिली. ३० डिसेंबर २०२० ला तिथल्या सिनेटने कायदा संमत केला तेव्हा तो रुमाल लॅटिन अमेरिकेत सगळीकडे पोचला होता. त्यामागे प्लाझा दे मायोच्या आयांचे, म्हणजे तिथल्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या आयांचे, १९७७ पासूनचे पांढरे रुमाल होते. डिझायनरने यातून उचलायचं ते असं: चिन्ह कुणालाही घरी करता यावं, अंगावर बाळगता यावं आणि नको तेव्हा खिशात घालता यावं. फितीला छापखाना लागत नाही.

बॅनरसाठी अक्षरांच्या उंचीचा हिशेब सोपा आहे: दर मीटर अंतराला सुमारे ८ मिलिमीटर. ३० मीटरवरून सहज वाचायचं तर अक्षर २५ सेंटिमीटरचं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, मात्रा आणि उकार त्यात धरू नका. त्यांना वरखाली मिळून आणखी निम्मी उंची लागते. म्हणजे एक मीटर उंचीच्या कापडावर दोन ओळी दाटीवाटीने बसतात, तीन बसत नाहीत. तीन मीटर रुंदीत साधारण दहा-बारा अक्षरं. घोषणा त्या मापाची शोधा, मोठी घोषणा लहान टाइपात कोंबू नका.

कापड सुती घ्या, फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि धरणाऱ्यांचे हात भरून येतात. काठीसाठी नेफा शिवताना काठीच्या घेराच्या निम्म्याहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त रुंदी ठेवा: ४ सेंटिमीटर जाडीच्या काठीचा घेर साडेबारा, त्याचं निम्मं सव्वासहा, म्हणून नेफा ८ ते ९ सेंटिमीटर. वरचं टोक शिवून बंद करा, नाहीतर कापड घसरत खाली येतं. रंगवण्याआधी कापड एकदा धुऊन खळ काढा, त्याशिवाय ॲक्रिलिक रंग धरत नाही, पोपडे पडतात.

मोर्चाचे फोटो टाकतानाही दुसरा वाचक सुटत नाही. गर्दीत अशी एखादी असते जी घरी न सांगता आली आहे. पाठमोरे किंवा बॅनर पुढे घेतलेले फोटो निवडा आणि जमलेल्यांना सुरुवातीलाच सांगा की कॅमेरा कोणत्या बाजूला आहे.

छापून झाल्यावर

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ५ पॉइंटात छपाईचा महिना आणि वर्ष टाका, आणि कुठे किती प्रती गेल्या त्याची वही ठेवा. दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला नंबर लावून बघा. कार्डं एका वेळी सहा महिन्यांपुरतीच छापा. जास्त छापली की प्रतीमागचा खर्च उतरतो, पण नंबर बदलल्यावर गठ्ठा फेकवत नाही आणि कुणीतरी त्यावर पेनाने खाडाखोड करून वाटतं.

नंबर बंद पडला तर त्याच आठवड्यात वहीतल्या प्रत्येक जागी जाऊन जुनं पोस्टर काढा. जाताना प्लास्टिकची खरवडणी आणि कोमट पाण्याची बाटली घ्या. घाईत ओढलेलं पोस्टर अर्धंच निघतं, आणि खालच्या, पट्ट्यांच्या भागातला नंबर दारावर तसाच राहतो.